राजाचं वाक्य

कस्तुरानं दादाच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आज जयसिंगला काही करू नकोस, दादा."

"मी काय करणार? मी तर विंगेत बसून बोलणार," कोंडीराम हसला. "तू ये मात्र."

"मला नाही बघवत ते नाटक."

"बघ की. त्यात राणीची माया हाय, मित्राची हाय, आईची हाय. सगळ्या तोंडदेखल्या. शेवटाला राजाला जाब विचारतो तो राणीचा भाऊच. भावाची माया तेवढी खरी."

दोन वर्षांमागं पॉवर प्रेसखाली कोंडीरामच्या दोन्ही हातांची बोटं गेली. कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. ते दुःख त्यानं गिळलं. पण त्याच वर्षी, साखरपुडा झाल्यावर, जयसिंगनं कस्तुराला नकार दिला. "पोरगी मनाला येत नाही," एवढंच चारचौघांत बोलला. लंगोटीयार होता, म्हणून जास्त झोंबलं. थोट्याची बहीण नको झाली, दुसरं काय! त्यानंतर कस्तुरा कुठल्याच स्थळापुढं बसली नाही. "मी हाय ना तिला सांभाळायला," असं कोंडीराम गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

जयसिंगही बिनलग्नाचाच राहिला होता. असल्या माणसाला पोरगी देतंय कोण?

जयसिंग भट्टीवर कामाला. आवाज खणखणीत, पण अक्षरओळख नाही. विंगेतून कोंडीराम सांगेल ते वाक्य उचलायचं आणि राजाच्या थाटात फेकायचं, ही त्याची रीत. कोंडीरामला अख्खं नाटक तोंडपाठ होतं. सबंध उन्हाळा त्यानं गोड बोलून तालमी घेतल्या आणि आजच्या दिवसाची वाट पाहिली.

चिंचवडचा मांडव खच्चून भरला होता. खात्यातली माणसं, थेरगावची भावकी, पुढच्या रांगेत जयसिंगची आई चिमाबाई.

शेवटच्या अंकात राणीच्या प्रेतापाशी राजा गुडघे टेकून बसला. कोंडीरामनं नाटकातलं वाक्य सोडलं आणि आपलं दिलं.

"राणीच कशाला? साखरपुडा करून एका गरिबाची पोर मी टाकली. मी जयसिंग. मी भेकड."

जयसिंग थबकला. त्यानं एकदा विंगेकडं पाहिलं. मग छाती भरून, आजवरच्या कुठल्याही वाक्यापेक्षा मोठ्यानं, शब्दन् शब्द म्हटला.

मागून कुणीतरी ओरडलं, "आत्ता खरं बोललास, राजे!" हशा उसळला. एक चप्पल राणीच्या अंगावर येऊन पडली, तशी राणी उठून पळाली. पडदा पाडावा लागला.

जयसिंग विंगेत आला.

"काय राजे, कसं वाटलं?" कोंडीरामनं विचारलं.

जयसिंगनं मुकुट काढून त्याच्याशेजारी ठेवला. "वाक्य चुकलं नाही ना माझं?" म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

तेवढ्यात चिमाबाई पदर खोचून वर चढली.

"कोंड्या, निवली का तुजी आग?"

"तुमच्या पोरानं केलं तेच त्याच्या तोंडून वदवलं, मावशी. खोटं असतं तर बोलला असता का?"

"गप ऱ्हायची शपथ त्येनं घेतलीया. म्या न्हाई. सोयरीक तुज्या बहिणीनं मोडली. दोष सोतावर घ्या म्हणून त्येच्या पाया पडली. माज्या उंबऱ्यात बसून रडत हुती पोर. म्हनली, मी नांदायला गेले, तर माज्या दादाला घास कोण भरवंल?"