अक्काच्या वाटची भाकर

अव्वा चुलीत फुंकर घालायला वाकली, आणि गौराबाईनं आपल्या ताटातली अर्धी भाकर जगदेवीच्या ताटात सारली. जगदेवीनं मुंडी वर न करता ती आमटीत कुस्करली. अव्वा वळून बघते तर दोघी लेकी गरीब गाईसारखं तोंड करून जेवतायत.

अणदूरला शरणबसप्पांच्या घरी हे रोजचंच झालं होतं. भाकर टाकायची तर सोयच नव्हती. ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिणारं लिंगायताचं घर ते. कुत्र्याला घालावी, तर अव्वाची नजर अंगणभर. राहता राहिली जगदेवी. ती धाकटी आणि खाण्याची भारी हौशी. अक्का आपल्यावर माया करते, एवढंच तिला ठाऊक.

अक्काच्या पोटात मायेइतकीच भीती होती.

मागच्या उन्हाळ्यात दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली होती, माकणीच्या दोघा सख्ख्या भावांशी. एका खर्चात दोन पोरी उजवल्या म्हणून अप्पा खुशीत. जी जशी न्हाण येऊन शहाणी होईल तशी तिला नांदायला धाडायची, असं दोन्ही घरांनी ठरवलं. मांडव उतरायच्या दिवशी माकणीची थोरली जाऊ गौराबाईची वेणी घालायला बसली. जगदेवी तिथंच घोंगडीवर झोपून गेली होती. जावेच्या मनगटावर चटक्यांचे डाग होते, एकाखाली एक. कशाचे ते, असं गौराबाईनं विचारलं. जावेनं आधी दाराकडं बघितलं. मग वेणीला गाठ मारता मारता कानाशी वाकून म्हणाली, "जमंल तितकं उशिरा या गं बायांनो."

दिवाळीच्या आधी ती जाऊ विहिरीत सापडली. पाय घसरला, असा माकणीहून सांगावा आला. अप्पांनी मान हलवली आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

उशिरा जायचं, पण कसं? ते शेजारच्या नागूबाईनं सांगितलं, तेही न विचारता. डाळ निवडता निवडता ती कुणाच्या तरी हडकुळ्या पोरीबद्दल बोलत होती. अंगात मूठभर मांस नाही, ती कशी लवकर शहाणी व्हायची? अन्न पोटात गेलं तर पोर वाढते, नाहीतर राहते तशीच. नागूबाई बोलून मोकळी झाली. गौराबाईनं मात्र ते मनाशी घट्ट बांधून घेतलं.

पहिले काही दिवस पोटात नुसता आगडोंब. कुणाच्या अंगणात शेंगा भाजल्याचा वास आला की ती उठून गोठ्यात जाऊन बसायची. मग आग विझली. तिच्या जागी एक गार, हलकं काहीतरी आलं, आणि ते तिला आवडायला लागलं. लग्न, नवरा, गाव, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. आपल्या तोंडात काय जाणार, एवढं मात्र तिच्या हातात होतं. त्यात निजामाचे लेव्हीवाले सक्तीनं गाड्या भरून जवारी घेऊन गेले आणि कणगीचा तळ दिसू लागला. अव्वा चारचौघींत कौतुक करायची, आमची गौरा लई सोसणारी, दुसरी भाकर मागतच न्हाय. ते ऐकलं की गौराबाईला हातातला घासही खाली ठेवावासा वाटायचा. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. ती भिंत धरायची, आणि मनातल्या मनात खूश व्हायची.

संक्रांतीला कासारीण आली. गौराबाईच्या बांगड्या सरकून कोपरापर्यंत चढत होत्या. ही पोर उलटी वाढतीया की, म्हणून कासारीण हसली आणि तिनं लहान मापाच्या बांगड्या काढल्या. गौराबाई मनगट वळवून वळवून बघत राहिली. तिकडं जगदेवीच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. कासारणीला त्या फोडून काढाव्या लागल्या. पण तिकडं गौराबाईचं ध्यानच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती ओढ्यावरून धुणं घेऊन आली, तर अंगणात बायकाच बायका. चुलीवर पुरण रटरटतंय. दोरीवर नवंकोरं हिरवं लुगडं. गौराबाईच्या डोक्यावरची पाटी खाली आली आणि धुतलेलं सगळं मातीत गेलं.

"अव्वा, मला काय झालं न्हाय," ती दारातूनच म्हणाली. "खरंच काय झालं न्हाय."

"तुला न्हाय गं," अव्वा पदरानं घाम पुसत म्हणाली. "आपली जगी शहाणी झाली. माकणीला सांगावा धाडलाय. सोमवारी गाडी यील तिला न्यायला."

धाकटीनं थोरलीला मागं टाकलं, असं नागूबाई म्हणाली. खाल्लेलं अंगी लागलं पोरीच्या. बायका हसल्या.

ते हिरवं लुगडं जगदेवीला नेसवलं. ते तिच्यापेक्षा मोठं होतं. पाटावर बसली तर तिची नुसती बोटं तेवढी दिसत होती. पुढं पुरणपोळीचं ताट होतं, आणि आज पहिल्यांदाच तिनं ताटाला हात लावला नव्हता. गौराबाई शेजारी जाऊन बसली.

अव्वा चुलीत फुंकर घालायला वाकली. जगदेवीनं पोळी मोडली आणि अर्धी हळूच अक्काच्या हातावर ठेवली.

"खा ना अक्का. तू खाल्लंस की तू बी लवकर येशील तिकडं. मला एकटीला भ्या वाटतं."

गौराबाईनं घास तोंडात घातला. चावला, आणि पुन्हा पुन्हा चावतच राहिली.