एकेक कमिट

"हा घेऊ का सर?" तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरत विचारलं.

"कुठला?"

"पावतीवर तारीख उलटी छापली जायची, ती दुरुस्ती."

"घे. पण त्याच्या आधीचा घेतलास ना? त्याशिवाय हा चालायचा नाही."

घेतला होता. तरी ती म्हणाली, "थांबा हं, बघते."

सर निवृत्त झाले आणि आठवड्याभरातच त्यांच्या जुन्या ब्रँचचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्यांनी सांभाळलेल्या प्रतीचा, पार विचका झालेला आढळला. तेच बदल दोनदा, काही उलट्या क्रमाने, काही भलत्याच्याच नावावर. कुणीतरी चुकीची कमांड दिली असेल, असं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. अख्खी ब्रँच चालू प्रोग्रॅमला जोडली तर तो बंद पडायची भीती. म्हणजे एकेक चांगला बदल, एकेक कमिट, उचलून नव्या ब्रँचवर न्यायचा. या किचकट कामाला कुणी तयार होईना. ती झाली.

कुठला बदल कशासाठी केला, हे फक्त सरांना ठाऊक. म्हणून रोज दुपारी फोन. निवृत्त माणसाला कशाला छळतेस, असं मॅनेजरने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, रिकामं घर खायला उठतं हो, त्यांनाही बरं वाटतं. मॅनेजरला ते पटलं.

फोनवर सरांच्या मागे नातींची भांडणं चालायची, सून हाका मारायची. सर दार लोटून घेत आणि पुढे बोलत. एकदा दोन कमिट एकमेकांत अडकले. "एकाच ओळीसाठी दोघं भांडतायत," ते म्हणाले, "मी आणि मीच." ती मोठ्याने हसली. आजूबाजूच्यांनी माना वळवून पाहिलं.

सरांच्या खुर्चीवर आता कुणी कुणी जॅकेट टाकायचं. ती स्क्रीनसमोरच डबा खायची, संध्याकाळी घरी गेल्यावर आधी दिवा लावायची, मग टीव्ही, आवाज असावा म्हणून.

तिने कामाची घाई केली नाही. तरी शेवटचा कमिट आलाच. सगळ्या चाचण्या पास झाल्या, मॅनेजरने सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिने फोन लावला.

"संपलं, सर."

"सगळं नीट बसलं?"

"सगळं. तुम्हाला फार त्रास दिला."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"पुढच्या वेळी काही मोडू नकोस," ते म्हणाले. "नुसताच फोन कर."