दोऱ्याचं माप

"कुठाय मायाक्का?" मालतीनं उंबऱ्यातूनच विचारलं.

गिरणीच्या चाळीतल्या त्या खोलीत पाट मांडले होते. मायाक्काची आई बजाबाई लगबगीनं तांब्या घेऊन आली आणि मालतीच्या पायांवर पाणी घालू लागली.

"पाय राहू द्या. पोरीची आज सुपारी फुटतेय म्हणे?"

"व्हय बाई." मायाक्काचा बाप कोंडीबा उठून उभा राहिला. "बसा की."

मालती कसली बसतेय! खो-खोच्या जोरावर तिला बँकेत नोकरी मिळाली होती आणि सुट्टीच्या दिवशी ती बालविवाह थांबवत हिंडायची. गेल्या वर्षी कायद्यानं मुलीचं वय अठरा केलं, तेव्हापासून माढ्यापर्यंत जाऊन तिनं दोन मांडव उठवले होते. दोन्ही वेळा धाकटा भाऊ महिपती बरोबर होता. आणि आता तिच्याच संघातली पोर! रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. मायाक्कासारखी पळणारी अख्ख्या सोलापुरात दुसरी नव्हती.

मायाक्का नवी साडी नेसून कोपऱ्यात बसली होती. ती मालतीकडं बघेचना.

"पंधरा वर्षांची आहे ती! लाज नाही वाटत?"

कोंडीबा गोंधळला. "बाई, तुमी असं बोलावं? तुमच्याकडं बघूनच तर आमी व्हय म्हटलं."

"माझ्याकडं बघून तिला मैदानात धाडायचं होतं, चुलीपुढं नाही!"

मालतीनं पिशवी खाली आदळली. आत बांगड्या किणकिणल्या. आईनं सांगोल्याहून पाकिटात दोऱ्याचं माप पाठवलं होतं. हिरव्या बांगड्या घेऊन ठेव, मंगळवारी सोलापुरात येते, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. माप एवढंसं होतं. थोरल्या बहिणीच्या पोरीसाठी असतील, असं समजून मालतीनं सकाळीच कासाराकडून घेतल्या होत्या.

"आणि ती पलीकडची माणसं! त्यांना तर मी पोलिसात देते. पेपरात नाव छापून आणते."

बजाबाईनं घाबरून नवऱ्याकडं बघितलं. "घर चांगलं हाय की. तितं पोरींना खेळू देत्यात, म्हणून तर..."

"थापा! असली घरं मी चांगली ओळखून आहे."

बाहेर टांगा थांबला.

मालतीनं पदर खोचला आणि दारात आडवी उभी राहिली. अंगाची नुसती आग होत होती. आज एकालाही आत पाऊल टाकू द्यायचं नव्हतं.

टांग्यातून पहिल्यांदा उतरली ती तिची आई, हातात साडी-नारळाचं ताट घेऊन.

"बरं झालं आधीच आलीस," आई म्हणाली. "महिपतीच्या नवरीच्या बांगड्या आणल्यास न्हवं?"