आजारी भिंत

काचेच्या कारखान्याची मागची भिंत पलीकडे भट्टी धडधडत असूनही बर्फासारखी गार होती, तरी पौषातल्या सकाळी तिला पाठ लावून सहा म्हाताऱ्या बसल्या होत्या. डॉ. वैजयंती केळुसकर जागीच थबकली.

वर्षापूर्वीपर्यंत याच भिंतीतून भट्टीची उष्णता बाहेर वाया जायची. मग सरकारी प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या भागीदारीतून वैजयंतीनं शोधलेला लेप भिंतीला लागला. तो मिळेल ती उष्णता शोषून पुन्हा भट्टीला द्यायचा. आकडे अपेक्षेच्याही वर गेले. रोज सकाळी सात ते नऊ थोडी उष्णता कुठून तरी जास्तच यायची. अहवालात तिनं लिहिलं होतं, ‘स्रोत बाहेरचा, नगण्य.’ कालच त्या अहवालाला पारितोषिक मिळालं होतं.

तो स्रोत आता स्वेटरवर शाल गुंडाळून कुडकुडत होता.

"आजी, उठा इथून," ती घाईनं म्हणाली. "ही भिंत आता ऊब देत नाही. उलट अंगातली ओढून घेते."

"ते कळलंय की आमाला," त्यांच्यातल्या हौसाबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे पडले होते. "लई आजारी पडलीय बिचारी. तीस वर्षं हिनं आमाला ऊब दिली, बाळंतिणींना शेक दिला. आता हिलाच हुडहुडी भरलीय, तर उठून जायचं व्हय?"

हे आजारपण आणणाऱ्या आपल्याच लेपावर वैजयंतीनं तळवा टेकवला.

हौसाबाईंनी सरकून जागा केली. "बस पोरी. तरणं अंग हाय तुझं, तिला बरं वाटंल."