ओंजळ

श्रीगोंद्यातल्या दहावीच्या वर्गात अडतीस मुलं होती आणि दलित आत्मकथनाच्या प्रती सहाच. विहिरीवर दुरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिणाऱ्या माणसांचा उतारा वाचून झाला, तेव्हा वाबळे सरांनी तांब्या मागवला. “नुसतं वाचून कळत नाही, अनुभवायला हवं. आम्रपाली, तू वाकून ओंजळ धर. तुमच्याच घरातलं आहे, तुला जमेल.” मागून हर्षल खिदळला. आम्रपालीचे कान तापले. सरांच्या हातातला तांब्या घेऊन ती बाकावर चढली. “सर, माझ्या पणजीनं लई वेळा केलंय. ज्यांच्या घरात कुणी वाकलं न्हाई, त्यांनी शिकायचंय. वाका.” सर ओशाळले, पण वाकले. तिनं उंचावरून धार सोडली. “लाज वाटती का?” सरांनी मान डोलावली. “तोंडानं सांगा, मागच्या बाकाला ऐकू जाऊ दे.” “वाटते.” “पुढचं कोण?” उरलेल्या सदतिसांपैकी चार जण उठले.