साठची कडी

शेतीव्यवसायाची पदवी घेऊन मी फळखरेदी केंद्रावर तपासनीस झाले. काम सोपं: लोखंडी कडीतून आरपार पडेल ते संत्रं लहान, नापास. आज भाव कोसळला आणि साहेबांनी मला नवीकोरी कडी दिली. रांगेत पहिली माझीच आई. निम्मी संत्री आरपार गेली. "घरी एकेक मापून आणलं गं," ती ओशाळली, "माझेच डोळे गेले बहुतेक." मापायला मीच दिलेली केंद्राची जुनी कडी तिने पिशवीतून काढली. दोन्हींवर साठ मिलिमीटरचाच आकडा. जुनी कडी नवीत टाकली, तर खणकन खाली पडली! "भाव पडला की माल नाकारावाच लागतो," साहेब कुजबुजले, "कॉलेजात हे शिकवलं नाही?" माझं डोकंच फिरलं. दोन्ही कड्या उंच धरून मी रांगेला ऐकू जाईल असं ओरडले: "साहेब, आईचे डोळे शाबूत आहेत! फुगलीय ती तुमची कडी!"