कप्पीतली गाठ

झेंडा अर्ध्यावर गेला आणि अडला. कचेरीच्या गच्चीवर शिपायाने दोरीला हिसका दिला, मग ती मनगटाला गुंडाळून अंगाचा सगळा भार टाकला. झेंडा जागचा हलेना. काठीच्या टोकाला कप्पीत त्याने कालच मारलेली गाठ रुतून बसली होती.

गाठ काही त्याने हौसेने मारली नव्हती. नवी दोरी मागून मागून त्याच्या तोंडाला फेस आला होता. पण पालनहार इस्पितळात गेल्यापासून कचेरीत कुणी कशावर सही करेना. सगळा देश त्यांना पालनहारच म्हणे. ते जगतात की जातात, आणि गेले तर खुर्चीवर कोण बसतं, हे कळेपर्यंत प्रत्येकाने हात राखून ठेवले होते. प्रकृती स्थिर आहे, असं रेडिओ रोज सांगे आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. काल झेंडा उतरवताना झिजलेली दोरी तुटलीच. शिपायाने दोन टोकं घट्ट बांधली आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन घरी गेला. एवढी जाड गाठ कप्पीतून जाणार कशी, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

खाली चौकात भाजीवालीने वर पाहिलं. टोपली टेकवली आणि मटकन खाली बसली.

"गेले गं," ती रडू लागली. "आता आम्हाला कोण विचारणार?"

पालनहारांमुळेच तिच्या डोक्यावर छप्पर आलं होतं. तिचं रडणं खरं होतं. तिच्यामागे धडाधड शटरं खाली यायला लागली.

समोरच्या दुकानातून घड्याळजी बाहेर आला. हा शिपायाचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पालनहारांची नक्कल केली म्हणून गेल्या वर्षी त्याच्या मुलाला घरातून उचलून नेलं होतं. पोरगा कुठे आहे, याबद्दल अजून कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. तेव्हापासून घड्याळजी खाली मान घालून काम करी आणि दुकानात लावलेली पालनहारांची तसबीर रोज न चुकता पुसून ठेवी. तीच तसबीर आता त्याच्या हातात होती. त्याने ती सावकाश गटारात पालथी ठेवली आणि वर पाहिलं.

"भावोजी," त्याने हाक मारली. वर्षभरात त्याचा आवाज एवढा मोठा झाला नव्हता. "पोरगा सुटणार आता. ताईला सांगा."

 कठड्यावरून वाकून शिपायाने दोन्ही हातांनी नको, नको केलं. खालून मेहुण्यानेही हसत दोन्ही हात हलवले.

तेवढ्यात साहेब धापा टाकत गच्चीवर आले. "तुला कुणी कळवलं? मला निरोप नाही, फोन नाही."

"कुणीच नाही, साहेब. गाठ अडकलीय. आता खाली घेतो, झेंडा गाठीला खेटून बांधतो, की जातो टोकापर्यंत. दोन मिनिटांचं काम."

साहेबांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी खाली चौकात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा निवळत गेला.

"थांब जरा."

"लोकांचा गैरसमज होतोय, साहेब."

"होऊ दे की."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. कोण रडतंय, कोण कुजबुजतंय, कोण तोंड लपवून हसतंय, सगळं टिपून घेतलं. शिपायाच्या हातात दोरी होती. ती सैल सोडली असती तर झेंडा सरसर खाली आला असता, निदान मेहुण्याला काहीतरी चुकतंय एवढं कळलं असतं. त्याची बोटं उघडली नाहीत.

"उद्या वर कुणीही येऊन बसो," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हे त्याला बघायला आवडेल." मोबाइल घड्याळांच्या दुकानापाशी थांबला. "तो गटारापाशी उभा आहे तो कोण रे?"

"असेल कुणी दुकानदार. मी नाही ओळखत."

"तुला भावोजी म्हणाला. मी जिन्यात होतो."

शिपाई दोरीकडे बघत म्हणाला, "सगळेच म्हणतात, साहेब."

"बरं," साहेब म्हणाले. त्यांनी खाली फाटकावरच्या पहारेकऱ्यांना बोटाने दुकान दाखवलं. "आता चढव नीट."

शिपायाने झेंडा खाली घेतला, गाठीला खेटून बांधला आणि ओढला. आता तो विनातक्रार टोकापर्यंत गेला आणि फडफडू लागला. चौकात क्षणभर कुणी हललं नाही. मग भाजीवाली पदराने डोळे पुसत उठली. "आहेत, आहेत," ती भेटेल त्याला सांगत सुटली. शटरं पुन्हा वर जायला लागली.

घड्याळजीने गटारात वाकून तसबीर बाहेर काढली आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला घेतली. दोन पहारेकरी त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. काच लख्ख होईपर्यंत त्याने पुसली. मग वर पाहिलं, झेंड्याकडे नाही, भावोजींकडे.

शिपाई कठड्यापासून मागे सरला.

साहेब जिन्याकडे निघाले होते. दाराशी थांबून ते म्हणाले, "नवी दोरी मागितली होतीस ना? ती राहू दे आता. आणि उद्या झेंडा आज पहिल्यांदा बांधला होतास तिथेच बांध."